ट्रिको लगेच ऐकत नाही

नवा गेम बाजारात आला की पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याच्याविषयी बरंच बोललं जातं. त्यातलं तंत्राविषयीचं बोलणं बहुतेक वेळा खरं असतं. चित्र अडखळतं, कॅमेरा भिंतीला अडतो, अक्षरं बारीक आहेत, हे तासभर खेळणाऱ्यालाही नीट कळतं. पण ज्या गेममध्ये प्राणी हाच नायक किंवा सोबती असतो, त्या प्राण्याविषयी पहिल्या दोन तासांत झालेलं मत फार जपून घ्यावं. असे गेम मी आवडीने खेळत आले आहे आणि घरातल्या मुलांना खेळताना शेजारी बसून पाहत आले आहे. एका गेममध्ये हा फरक इतका ठळकपणे समोर आला की पुढचे सगळे गेम निवडायची माझी रीतच त्यावरून ठरली.

तो गेम म्हणजे ‘द लास्ट गार्डियन’. फुमितो उएदा हे त्याचे दिग्दर्शक. त्याआधी त्यांचे दोनच गेम आले होते, २००१ चा ‘इको’ आणि २००५ चा ‘शॅडो ऑफ द कोलोसस’, आणि त्या दोन गेमवर जीव टाकणारे लोक जगभर होते. ‘द लास्ट गार्डियन’ची घोषणा २००९ साली पीएस३ साठी झाली. मग तो लांबला, पुन्हा लांबला, मध्ये उएदा यांनी सोनीतली नोकरी सोडली (गेमचं काम मात्र सोडलं नाही), आणि २०१५ साली तो पीएस४ चा गेम म्हणून पुन्हा दाखवला गेला. ऑक्टोबर २०१६ ची तारीख जाहीर झाली, तीही हुकली, आणि अखेर ६ डिसेंबर २०१६ ला तो लोकांच्या हाती पडला. इतकी वर्षं वाट पाहिलेल्या माणसाने पहिल्या संध्याकाळी त्याच्याकडून काय काय मागितलं असेल, याची कल्पना करा. मला वाटतं, पहिल्या मतांतली निम्मी चिडचिड या वाट पाहण्यातून आलेली होती.

गोष्ट साधी आहे. अंगावर चिन्हं गोंदलेला एक मुलगा गुहेत जागा होतो. शेजारी साखळदंडाने बांधलेला एक प्रचंड प्राणी पडलेला असतो. पिसं पक्ष्याची, तोंड कुत्र्यासारखं, वळणं मांजराची, शिंगं तुटलेली, पंख जायबंदी. हाच ट्रिको. त्याच्या अंगात भाले रुतलेले असतात. मुलगा भाला उपटायला जातो तेव्हा ट्रिको वेदनेने उसळतो आणि मुलगा फेकला जातो. त्याच्यासाठी खायचं पिंप आणावं तर तो गुरगुरतो. पिंप ठेवून आपण मागे सरायचं, त्याच्याकडे बघत उभं राहायचं नाही, तेव्हा कुठे तो खातो. गेम तुम्हाला पहिली गोष्ट शिकवतो ती हीच, की मागे सरा.

माझ्या भाच्याला हे मान्य नव्हतं. तेव्हा तो शाळेत होता, आणि कंट्रोलरचं बटण दाबलं की पडद्यावर काहीतरी झालंच पाहिजे, या हिशेबाने वाढलेला. पाण्याच्या कुंडापाशी ट्रिको थबकला. त्याला पाण्याची भीती वाटते. पिंपं पाण्यात टाकून त्याला चुचकारावं लागतं, आणि तरी तो काठावर पाय मागेपुढे करत राहतो. भाच्याने हाका मारल्या, पुन्हा मारल्या, बटण दाबतच राहिला. “मावशी, हा ऐकतच नाही गं माझं. गेम बिघडलाय.” त्याच संध्याकाळी त्याने फोनवर लोकांची मतं वाचली आणि तिथेही अगदी हेच लिहिलेलं होतं: प्राणी सांगितलेलं करत नाही, कॅमेरा वैताग आणतो, मुलाची चाल घसरती आहे. त्याचं मत पक्कं झालं. दोन दिवसांनी डिस्क दुकानात देऊन त्याने दुसरा गेम आणला. ट्रिको त्या कुंडात उतरतो, हे त्याने पाहिलंच नाही.

मी स्वतः तो गेम पुढे मिळवून शेवटपर्यंत खेळले. भाच्याने वाचलेली मतं खोटी नव्हती. कॅमेरा खरंच अवघड आहे. अरुंद जागेत ट्रिको समोर आला की पडदाभर नुसती पिसं दिसतात. मोठ्या मोकळ्या जागी पीएस४ वर चित्राचा वेग घसरतो, हे त्या वेळच्या समीक्षकांनी मोजूनही दाखवलं. या गोष्टी पहिल्या दिवशी ज्यांनी सांगितल्या त्यांचे आभारच मानायला हवेत, कारण त्यावरून ज्याला चक्कर येते किंवा डोकं दुखतं तो वेळीच सावध होतो.

पण ‘ऐकत नाही’ ही तक्रार वेगळ्या जातीची आहे. ट्रिकोने प्रत्येक हुकूम ताबडतोब पाळू नये, हे उएदा यांनी ठरवूनच केलेलं आहे. त्यांनी मुलाखतींतून ते सांगितलंही आहे: त्यांना सांगितलेलं काम करणारं वाहन नको होतं, स्वतःची इच्छा असलेला प्राणी हवा होता. सुरुवातीला मुलाला ट्रिकोला नुसती हाक मारता येते. दिशा दाखवणं, उडी मारायला सांगणं पुढे येतं, आणि तेही ट्रिको कान टवकारून, मान वळवून, कधी दुसरीकडेच काहीतरी हुंगून मग मानतो. लढाईत तो चिलखती पुतळ्यांना तुडवतो आणि लढाई संपल्यावरही थरथरत राहतो. तेव्हा त्याच्या पाठीवर चढून त्याला कुरवाळावं लागतं. रंगीत काचेतला डोळा दिसला की हा एवढा मोठा जीव जागचा हलत नाही, आणि मग इवल्याशा मुलाला पुढे जाऊन तो डोळा नाहीसा करावा लागतो. बारा-पंधरा तासांच्या गेममध्ये हे नातं हळूहळू घडतं. निवाऱ्यातून घरी आणलेलं कुत्रं पहिल्या रात्री पलंगाखालून बाहेर येत नाही म्हणून कोणी ते परत नेऊन देत नाही. पहिल्या दोन तासांवरून ट्रिकोला नापास करणं म्हणजे ते कुत्रं परत नेऊन देण्यासारखंच आहे.

म्हणून हा गेम हाती घेणाऱ्याला माझं सांगणं असं. एकदा हाक मारा, एकदा दिशा दाखवा आणि हात कंट्रोलरवरून काढून थांबा. माझ्या अनुभवात भराभर बटणं दाबली की ट्रिको आणखी गोंधळल्यासारखा वागायचा आणि थांबलं की निघायचा. तो एखाद्या भिंतीकडे किंवा छताकडे टक लावून पाहत असेल तर आपणही तिकडे पाहावं, पुष्कळदा वाट तिथेच असते. घाईच्या दिवशी हा गेम लावू नये. अर्ध्या तासाचा खेळ नाहीच हा. आणि दुसऱ्याचं खेळणं व्हिडिओत बघून ‘आपल्याला जमेल का’ हे ठरवायला जाऊ नये, कारण बघणाऱ्याला ट्रिकोचा उशीर नुसता उशीर वाटतो. ज्याने स्वतः पिंप आणून ठेवलेलं असतं त्यालाच तो उशीर सोसवतो.

सगळ्याच गेमना असं झुकतं माप द्यावं, असं मात्र मी म्हणणार नाही. मे २०२१ मध्ये ‘बायोम्युटंट’ आला. स्टॉकहोमच्या एका लहानशा चमूने केलेला, केसाळ योद्ध्यांचा, उद्ध्वस्त जगातला साहसी गेम. त्यात प्राणी आपल्याच बडबडीत बोलतात आणि एक निवेदक त्याचा अर्थ सांगतो. पहिल्याच दिवसापासून खेळणारे म्हणू लागले की निवेदक फार बोलतो, सुरुवातीचे संवाद संपता संपत नाहीत, लढाईत वार लागल्यासारखा वाटत नाही. ही तक्रार नात्याची नव्हती, रचनेची होती, आणि ती रास्त होती. निर्मात्यांनी ती मान्य केली आणि काही आठवड्यांतच पॅच आणून सुरुवातीचे संवाद आवरले, निवेदक आणि बडबड वेगवेगळी बंद-चालू करायची सोय दिली. इथे महिनाभर थांबलेल्याला पहिल्या दिवशी विकत घेणाऱ्यापेक्षा चांगला गेम मिळाला. प्रीऑर्डर करून ठेवायची घाई मला तेव्हापासून मुळीच पटत नाही.

‘स्ट्रे’च्या वेळी आणखी एक बाब लक्षात आली. १९ जुलै २०२२ ला आलेला हा मांजराचा गेम फ्रान्समधल्या मोंपेलिएच्या चमूने केला. कौलूनच्या दाट वस्तीवरून सुचलेलं, यंत्रमानवांनी भरलेलं त्याचं शहर अप्रतिम आहे. म्याव करायला वेगळं बटण, दारं ओरबाडणं, कुठेही वेटोळं करून झोपणं, यांवर लोक लुब्ध झाले. लुब्ध होण्यासारखंच आहे ते. पण पाच-सहा तासांत गेम संपतो, आणि मांजर हवं तिथे उडी मारत नाही, खूण दिसेल तिथेच मारतं. यावर कोणी ‘पैसे वसूल’ म्हणत होतं तर कोणी ‘फार तोकडा’. नीट वाचल्यावर दिसलं की मतभेद गेमपेक्षा खिशाचा होता. प्लेस्टेशन प्लसच्या वरच्या वर्गणीत तो पहिल्या दिवसापासून होता, त्या सदस्यांना वेगळी किंमत मोजावी लागली नव्हती. मत वाचताना ते देणाऱ्याने किती पैसे मोजले, हे आधी पाहावं.

त्याच तारखेला बार्सिलोनाच्या चमूचा ‘एंडलिंग’ही आला. नष्ट होत चाललेल्या जंगलातल्या कोल्हीची आणि तिच्या पिल्लांची ही गोष्ट. चित्रं इतकी मऊ, गोड आहेत की लहान मुलांसाठी घ्यावासा वाटतो. घेण्याआधी पालकांनी थांबावं. एक पिल्लू सुरुवातीलाच पळवून नेलं जातं, आणि बाकीच्यांना वेळेवर खायला मिळालं नाही तर ती मरतात. गेम याविषयी प्रामाणिक आहे आणि मला तो मोलाचा वाटतो, पण सात वर्षांच्या मुलाला एकट्याने खेळायला द्यायचा नव्हे. प्राण्यांच्या गेमविषयीच्या पहिल्या मतांत ‘किती गोंडस’ हे हमखास सापडतं. शेवटी कोण जगतं हे कोणी सांगत नाही, रहस्य फुटेल म्हणून. तेवढ्यापुरतं रहस्य फुटलेलं बरं. आईवडिलांपैकी एकाने शेवट आधी वाचून घ्यावा आणि मुलाला सांगू नये.

पैशांचं म्हणाल तर नियम माहीत असावेत. स्टीमवर घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. ते दोन तास यंत्राची परीक्षा घ्यायला वापरावेत: आपल्या संगणकावर चालतो का, अक्षरं वाचता येतात का, मान-डोळे दुखतात का. प्लेस्टेशनच्या दुकानात मात्र एकदा डाउनलोड सुरू केलं की, गेममध्येच दोष नसेल तर, परतीचा दरवाजा बंद होतो. म्हणून तिथे विकत घेऊन ठेवायचं असेल तर आपोआप डाउनलोड होणं आधी बंद करावं.

आणि ज्यांना आज ट्रिकोला भेटायचंय त्यांनी जुनी डिस्क शोधावी. पीएस५ वर ती घालून कुठलंही अपडेट न घेता खेळलं तर गेम सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत पळतो आणि पीएस४ वरचं ते अडखळणं जवळपास उरत नाही. अपडेट घेतलं की वेग ३० वर बांधला जातो. डिस्क घालण्याआधी इंटरनेट बंद ठेवावं.