तो कागद फाडून टाक

पुणे

चि. नीलेश,

काल नंदाकाकूचा फोन आला होता. तू राजीनामा लिहून कपाटात ठेवला आहेस, विहिरीकडच्या दीड एकराला गिऱ्हाईक बघतो आहेस आणि त्या पैशांतून डोळ्यांत पेशी टोचून घ्यायला निघाला आहेस, असं ती म्हणाली. काकूच्या बातमीत तिखटमीठ असतं हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. पण या वेळी ती रडत होती. म्हणून आधी एवढंच सांग, तो कागद साहेबांच्या टेबलावर गेला का? गेला नसेल तर आजच फाड. गेला असेल तर मंजूर व्हायच्या आत मागे घे. बाकीचं पत्र त्यानंतर वाचलंस तरी चालेल.

तू जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेत बसतोस. दुसऱ्यांच्या सेवापुस्तकात नोंदी करण्यात तुझी पंधरा वर्षं गेली, आणि स्वतःच्या हक्काचं कलम तुला कुणी सांगू नये? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. कलम २० वाच. नोकरीत असताना ज्याला अपंगत्व येतं, त्याला सरकारी आस्थापनेला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. आहे ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत, त्याच लाभांसह दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं. तसं पद नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करून त्यावर ठेवावं लागतं, पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत. जिल्हा परिषदेलाही हे लागू आहे. पण हे सगळं नोकरीत असलेल्या माणसासाठी आहे. तू आपल्या हाताने सही करून बाहेर पडलास, तर कलम तुझ्यामागे धावत येणार नाही.

तुझी अडचण मला कळते. तक्त्यावरची अगदी खालची ओळ तू अजून वाचतोस, त्यामुळे दाखला मागायला गेलो तर लोक ढोंगी म्हणतील, अशी तुला भीती वाटते. मलाही तेच म्हणायचे, "बाई, पेपर तर वाचता, मग उंबऱ्याला कशा अडखळता?" आपल्या आजारात आधी डोळ्याच्या पडद्याच्या कडेच्या पेशी जातात. अंधारात दिसेनासं होतं, मग बाजूचं दिसेनासं होतं, आणि मधलं तेवढं बरीच वर्षं शाबूत राहतं. समोरचं अक्षर दिसतं पण बाजूने आलेला माणूस दिसत नाही. कायद्याला हे माहीत आहे. नजरेचं क्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी झालं की अल्पदृष्टी, आणि १० अंशांच्या आत आलं की अंधत्व, मग मधल्या नजरेने कितीही बारीक वाचता येवो. तेव्हा क्षेत्राची तपासणी करून घे आणि तो आलेख घेऊन जिल्हा रुग्णालयात जा. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढ. जुन्या पद्धतीने आयकर भरत असशील तर ७५ हजारांची वजावट आहे, अपंगत्व ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सव्वा लाखाची. एसटीतही सवलत आहे. रक्कम फार मोठी नाही, पण डोळे जायला लागले की पैसा असाच चिल्लर वाटांनी जातो, म्हणून सांगते. संध्याकाळी सहानंतर रिक्षाच लागते. प्रत्येक तपासणीला तुझ्या बायकोची, स्वातीची, रजा जाते. पाचशेची नोट दोनशेची म्हणून हातातून निसटते, दोन्हींच्या लांबीत फक्त चार मिलिमीटरचा फरक आहे. माझी अशी नोट भाजीवाल्याकडे गेली, त्याने परत केली नाही आणि मी भांडले नाही, कारण मलाच खात्री नव्हती. पैशापेक्षा ती खात्री नसणं जास्त छळतं. आता रिझर्व्ह बँकेचं 'मनी' ॲप फोनमध्ये आहे, नोट समोर धरली की किती रुपयांची ते बोलून सांगतं. तू आत्ताच टाकून घे.

आता जमिनीचं. पेशी टोचणाऱ्या त्या डॉक्टरने तुझं जनुक तपासलं का? नाही ना? आपल्या आजाराला आरपी (रेटिनायटिस पिगमेंटोसा) हे एकच नाव असलं तरी त्यामागे कितीतरी वेगवेगळ्या जनुकांतले बिघाड असतात. २०१७ साली अमेरिकेत एका जनुक-उपचाराला मान्यता मिळाली. तो खरा उपचार आहे, पण आरपीई६५ या एकाच जनुकाच्या बिघाडावर, आणि दोन्ही डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर. बिघाड कुठे आहे हे न बघताच जो सगळ्यांना एकच सुई टोचायला निघालाय, त्याच्या हाती आबांची जमीन द्यायची? आणि उरलेला मधला उजेडही? सुईने पडदा सुटला, आत पू झाला, तर ते तक्त्यावरचं अक्षरही जाईल. खर्च करायचाच असेल तर दर वर्षीच्या तपासणीवर कर. आपल्या आजारात मोतीबिंदू लवकर येतो, मध्यभागी सूज येते. या दोन्हींवर उपचार आहेत.

आणि मोटरसायकल! त्याबद्दल मी काकूचं नाही, स्वातीचं ऐकलंय. दिवेलागणीला कॅनॉलच्या रस्त्याने गाडी घालतोस, मागे लेक ईरा बसलेली असते. तुला बाजूचं दिसत नाही नीलेश. आडवं येणारं पोर तुझ्या चाकाखाली आल्यावर दिसेल. या एका गोष्टीवर मी तुझं काहीही ऐकून घेणार नाही. गाडीची किल्ली आजच्या आज स्वातीच्या हातात दे.

रागावले. रागावणारच. तुझा बाप, माझा दादा, असता तर त्याने तुझ्या कानाखाली वाजवली असती आणि मग रात्रभर अंगणात बसून राहिला असता.

तू हा आजार का लपवतोस हे मला माहीत आहे. मी सव्वीस वर्षांची असताना शाळेच्या वऱ्हांड्यात पहिलीच्या मुलाला तुडवून पुढे गेले. दिसलाच नाही. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं, समजुतीने बोलले, कागदही त्यांनीच पुढे केला. १९९१ साल होतं. नोकरीतल्या माणसाला वाचवणारं पहिलं कलम १९९५ च्या कायद्यात आलं. मला तेव्हा सही करण्यावाचून काही सुचलं नाही. पेन्शनला लागणारी वर्षं भरली नव्हती. त्यानंतर तुझ्या काकांनी दोन-दोन ठिकाणी हिशेब लिहिले, माझ्या पाटल्या एका वैद्याच्या पुड्यांत गेल्या. पण मला रुखरुख पाटल्यांची नाही, वर्गाची आहे. तिसरीच्या मुलांना मी पाढे म्हणायला लावायचे तेव्हा खिडक्या हलायच्या. आज फोनवरचं वाचून दाखवणारा टॉकबॅक आहे, संगणकावर तेच करणारा, फुकट मिळणारा एनव्हीडीए आहे, मी हे पत्र त्याच्याच आवाजावर लिहितेय. हे सगळं मला तेव्हा मिळालं असतं तर मी अट्ठावन्नपर्यंत शिकवलं असतं. पांढरी काठी तर नॅब या अंधांसाठीच्या संस्थेतल्या बाईंनी दिली होती. लोक बघतील म्हणून ती कितीतरी वर्षं गादीखाली होती आणि मी घरात. तुझ्या मुंजीला मी आले नाही, पाय दुखतो असं कळवलं होतं. पाय चांगला होता रे. मांडवातल्या पायऱ्यांची भीती वाटली होती.

तुझ्या हाती नोकरी आहे, साधनं आहेत, कायदा आहे. म्हणून त्या कागदाचं नाव ऐकल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

ईराबद्दल तू स्वातीशीसुद्धा बोलत नाहीस असं कळलं. मी बोलते. आपल्या घरात मामाची मुलगी करायची चाल होती. माझ्या वडिलांनी, अण्णांनी केली, दादाने केली. तुझी आई माझी मामेबहीणच. आपल्या घरातला हा आजार दोन्हीकडून एकच खराब जनुक आलं की उतरतो, म्हणून माझ्यात आला आणि तुझ्यात. स्वाती नात्यातली नाही, पार नांदेडकडची. ईराकडे तुझ्याकडून एक येईल, पण तिच्या आईचं चांगलं जनुक तिला सांभाळेल. तिला हे होण्याचा संभव फार थोडा आहे. तेवढ्यानेही मन मानत नसेल तर तुमच्या दोघांचं रक्त तपासून घ्या, ती तपासणी आता आपल्याकडे होते. पण रात्री उठून झोपलेल्या पोरीच्या डोळ्यांवर बॅटरी मारू नकोस. स्वातीने मला सांगितलं. ऐकून मला फार वाईट वाटलं. तिची काही चूक नाही, तुझीही नाही, अण्णांचीही नाही. त्यांना कुठे काय माहीत होतं.

पत्राचं अक्षर मुद्दाम बेताचं छापलंय. काका म्हणत होते मोठं करू, पण तुझ्या नजरेच्या वर्तुळात मोठं अक्षर मावत नाही, बारीकच सोपं पडतं. स्वातीकडून वाचून घेतलंस तर जास्त बरं. तिच्यापासून काय लपवायचं राहिलंय आता?

या शनिवारी तिघंही या. सकाळची गाडी धरा म्हणजे उजेडात पोहोचाल, काका स्वारगेटला येतील. तुला काठी दाखवते, घेऊन बघ, आवडली नाही तर राहू दे. ईराला सांग, आत्याआजीने खरवसासाठी चीक सांगून ठेवलाय. तुला कोपऱ्याची वडी लागते, ती मी कुणाला देणार नाही. आणि कागद फाडलास की रात्री कितीही वाजले असू देत, फोन कर. मी जागीच असेन.

तुझी
कुसुमआत्या