दुव्याचे मोल आणि डॉक्टरांची साक्ष

गेल्या पावसाळ्यात एक तरुण आई आपल्या सात महिन्यांच्या मुलाला तपासणीसाठी घेऊन आली. लहानपणी तीही माझीच रुग्ण; त्यामुळे मी तिचा ‘डॉक्टरकाका’. बडोद्यातील राहत्या घरी ती नाचणीसत्त्व तयार करते आणि स्वतःच्या संकेतस्थळावरून विकते. तपासणी आटोपल्यावर ती संकोचत म्हणाली, “काका, तुमच्या दवाखान्याच्या संकेतस्थळावर माझ्या दुकानाचा दुवा द्याल का? डॉक्टरांचा एक दुवा इतरांच्या शंभरांना भारी, असं आमचे सल्लागार म्हणतात.” मी “बघू” म्हणालो, आणि तिने आणलेल्या पुडीकडे पाहून सहज “छान आहे, घरचंच आहे” असेही बोलून गेलो. आठवड्याने तेच शब्द माझ्या छायाचित्रासह इन्स्टाग्रामवर झळकले!

तिच्या सल्लागाराचे म्हणणे मात्र तांत्रिकदृष्ट्या चुकीचे नव्हते. शोधयंत्रात आपले पान वर यावे म्हणून करावयाच्या खटपटीचे दोन भाग असतात. पानाची मांडणी, मजकूर, वेग हे घरातले काम. दुसरा भाग घराबाहेरचा: इतरांनी आपल्याविषयी काय म्हटले आणि आपल्याकडे किती दुवे जोडले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या ‘पेजरँक’ पद्धतीत दुवा म्हणजे एक प्रकारचा कौल मानला गेला, आणि वजनदार पानाच्या कौलाला अधिक वजन. आपणा डॉक्टरांना ही कल्पना परकी वाटू नये. यूजीन गारफील्ड यांचा सायन्स सायटेशन इंडेक्स १९६४ पासून याच तत्त्वावर उभा आहे: ज्या शोधनिबंधाचा इतरांनी आधार घेतला, तो महत्त्वाचा.

जिथे साक्षीला मोल येते तिथे विकाऊ साक्षीदारही येतात. दुव्यांचे कारखाने निघाले, पैसे मोजून परीक्षणे लिहून मिळू लागली. गूगलने एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ नावाचा बदल करून अशा कृत्रिम दुव्यांवर भिस्त ठेवणाऱ्या संकेतस्थळांना खाली ढकलले. पैसे घेऊन दिलेल्या दुव्यावर तशी खूण करावी, यासाठी २०१९ मध्ये ‘स्पॉन्सर्ड’ ही वेगळी खूणही आली. समाजमाध्यमांवरील बहुतेक दुव्यांना तर ‘हा आमचा कौल समजू नये’ अशा अर्थाची यंत्रासाठीची खूण आधीच असते. म्हणजे इन्स्टाग्रामवरील चित्राने शोधयंत्रातील क्रम थेट वाढत नाही. ते पाहून कोणी दुकानाचे नाव शोधले, कोणी आपल्या पानावर त्याविषयी लिहिले, तर लाभ होतो. तो असा आडवाटेने येतो.

माझी अडचण तंत्राची नव्हती. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे कोणत्याही विक्रीच्या वस्तूच्या जाहिरातीसाठी डॉक्टरने आपले नाव, सही वा छायाचित्र देऊन शिफारस करावयाची नाही. २०२३ मधील नवे विनियम त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगित झाले, त्यामुळे जुनेच लागू राहिले. त्याहून गंभीर बाब १९९२ च्या आयएमएस कायद्याची. २००३ च्या दुरुस्तीनंतर केवळ डब्याचे दूध आणि बाटल्याच नव्हेत, तर सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या बाळासाठी आईच्या दुधाला पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नाचीही जाहिरात करता येत नाही. इलेक्ट्रॉनिक माध्यमातील जाहिरातही त्यात येते. कंपनी मोठी असो वा घरगुती उद्योग, कायदा तोच. डबेवाल्या कंपन्यांवर आपण बालरोगतज्ज्ञ इतकी वर्षे तावातावाने बोलतो, आणि इथे एका पुडीवर माझाच चेहरा!

तिला बोलावून हे सारे सांगितले. तिचे डोळे भरून आले. हप्त्यावर घेतलेले दळणयंत्र होते. माझे छायाचित्र आणि ‘बाळासाठी उत्तम’ हे शब्द तिने त्याच संध्याकाळी काढले. पुढे तिने नाचणीचे पीठ, थालीपिठाची भाजणी, मेतकूट असा मोठ्यांसाठीचा माल पुढे केला. निवडण्या-भाजण्याची छोटी चित्रफीत ती दर आठवड्याला टाकते. ज्यांनी खरोखर माल घेतला त्यांनाच दोन ओळी लिहिण्याची विनंती करते. वाईट लिहिले तरी पुसत नाही. फुकट पुडी घेऊन लिहिणाऱ्याने तसे स्पष्ट नमूद करावे, हे ग्राहक व्यवहार विभागाचे २०२३ चे मार्गदर्शनही मी तिला वाचायला दिले. एका पाककृती लिहिणाऱ्या बाईंनी भाजणी आवडली म्हणून आपल्या पानावरून स्वतःहून दुवा दिला. विक्री हळू वाढते आहे. सल्लागाराने सांगितलेल्या वेगाने नक्कीच नाही.

मागच्या भेटीत तिने भीतभीत विचारले, “काका, मग आमच्या पिल्लाला नाचणी द्यायची की नाही?”

“अवश्य दे,” मी म्हणालो. “वर्षाचा होईपर्यंत मीठ-साखर घालू नकोस, आणि अंगावरचं दूध चालू ठेव. कायदा जाहिरातीला आहे, तुझ्या घरच्या खिरीला नाही.”

बाळाचे वजन त्या दिवशी आठ किलो चारशे ग्रॅम भरले.