बिनतारी जाळे : ग्रामपंचायतीच्या दारापासून वर्गखोलीपर्यंत

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील रोहिणखेड हे घाटाच्या पायथ्याशी वसलेले जुने गाव. १४३७ साली येथे बहामनी आणि खानदेशच्या फौजांची लढाई झाली. १५८२ मधील येथील दगडी मशीदही प्रसिद्ध आहे. या इतिहासाचा उल्लेख एवढ्यासाठीच की, अशा जुन्या गावांतील दगडमातीच्या जाड भिंती हा प्रस्तुत विषयाचा महत्त्वाचा भाग आहे.

केंद्र शासनाने २०११ मध्ये ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली. पुढे ती 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली. काचतंतूची ही तार पंचायतीपर्यंत येऊन थांबते. तेथून शाळा, अंगणवाडी आणि चावडी यांपर्यंतचा प्रवास बहुधा हवेतून होतो व तो घडविणाऱ्या लहानशा संचास ॲक्सेस पॉइंट म्हणतात. तार उत्तम असूनही दाखला मिळण्यास ग्रामस्थांना ताटकळावे लागते, तेव्हा दोष पुष्कळदा या शेवटच्या टप्प्यात असतो.

संच दोन प्रमुख लहरपट्ट्यांवर चालतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची असून ती भिंतीपलीकडे बऱ्यापैकी पोहोचते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा अधिक वेगवान आहे, परंतु त्याची लहर भिंतीत लवकर क्षीण होते. तेव्हा संगणक संचाच्याच खोलीत असल्यास दुसरा पट्टा वापरावा, पलीकडच्या खोलीसाठी पहिला. चोरीच्या भयाने संच लोखंडी कपाटात कुलूपबंद करण्याची प्रथा मात्र सर्वथा त्याज्य होय. धातू ही लहर परतवून लावतो. संच खोलीच्या मध्याजवळ, उंचावर आणि पत्र्यापासून दूर बसवावा.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १३ वाहिन्या वापरता येतात, परंतु त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. १, ६ आणि ११ या तीनच वाहिन्या परस्परांपासून मोकळ्या राहतात. पंचायत व शाळा शेजारी असतील तर एकीने १ आणि दुसरीने ६ किंवा ११ निवडावी. शिवाय एका वाहिनीवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते. दूर कोपऱ्यातील क्षीण जोडणीचा एक फोन सावकाश बोलत राहतो आणि इतर सर्वांना थांबवून ठेवतो. ग्रामसभेत एकाचेच भाषण लांबावे, तसा हा प्रकार! फोनमधील मापनसुविधेत जोर उणे ६७ डीबीएमच्या आसपास असावा. उणे ८० च्या खाली गेल्यास दुसरा संच लावणेच बरे.

दुसरा संच जोडताना एक घोटाळा हमखास होतो. प्रत्येक यंत्रास पत्ता देण्याचे काम मुख्य संच करतो. नव्या संचातही ही सोय चालू राहिली, तर एकाच गटक्रमांकाचे दोन उतारे निघावेत तशी स्थिती होते. नव्या संचाचा स्वतःचा पत्ता बदलावा, त्यातील पत्तेवाटप बंद करावे आणि तार लॅनच्या खाचेत लावावी.

डोंगराळ वाड्यांची अडचण वेगळी. पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या 'ग्राम मार्ग' प्रकल्पाने दूरदर्शनच्या रिकाम्या वाहिन्यांवरून वाड्यांपर्यंत जोडणी नेली आणि तेथून पुढे वाय-फाय वापरले. कमी कंपनसंख्येची लहर झाडीतूनही वाट काढते, हे त्यामागील कारण.

सुरक्षिततेकडे होणारे दुर्लक्ष मात्र अक्षम्य आहे. कारखान्यातून आलेला संकेतशब्द त्याच दिवशी बदलावा आणि डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडावे. संचाची व्यवस्था पाहण्याचा संकेतशब्द निराळा असतो, तोही बदलावा. ग्रामस्थांसाठी स्वतंत्र अतिथी-जाळे ठेवावे; जन्ममृत्यूची नोंद होणारा संगणक त्यावर कदापि नसावा. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेनुसार गावातील किराणा दुकानदारही परवान्याविना सार्वजनिक वाय-फाय केंद्र चालवू शकतो, हे पंचायत सदस्यांनी ध्यानी घ्यावे.

वीज गेली की फायबरचा आणि वाय-फायचा असे दोन्ही संच बंद पडतात, म्हणून दोहोंना एकाच बॅटरीची जोड द्यावी. ग्रामसेवकाची बदली होते तेव्हा कार्यभाराच्या यादीत संचाची वाहिनी आणि पत्ता यांची नोंद असावी. संकेतशब्द सीलबंद पाकिटात द्यावा आणि नव्या ग्रामसेवकाने तो लगेच बदलावा.