झडती घेणाऱ्याची नोकरी

अहिल्यानगर जिल्ह्यात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना तोटा नाही. पण अर्जात ‘कारागृह शिपाई’ हे पद बरेच जण ‘पोलिसात नाही लागलो तर असू द्यावे’ म्हणून भरतात, आणि घरचे विचारतात, रोज गुन्हेगारांतच वावरायचे का? मुलगा धावण्याकडे बघतो, घरचे धोक्याकडे. ज्यावर ही नोकरी चालते ते काम दोघांच्याही हिशेबात येत नाही. पात्रता बारावी. मैदानी चाचणी 50 गुणांची, लेखी 100 गुणांची; मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते. ही चाळणी आत जाण्यापुरती असते. आत गेल्यावर रोज उपयोगी पडते ती झडती, मोजणी आणि नोंद. ज्याला या तीन कंटाळवाण्या गोष्टी हजाराव्या दिवशीही पहिल्या दिवसासारख्याच करता येतील, त्यानेच या नोकरीकडे वळावे, असे माझे मत आहे.

पुरावा जिल्ह्यातच आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये कर्जतच्या उपकारागृहातून पाच कैदी छतातून वाट काढून पळाले. डिसेंबर 2021 मध्ये राहुरीत पाच जण, तर नोव्हेंबर 2023 मध्ये संगमनेरात चार जण गज कापून निसटले. उपकारागृहांचा कारभार महसूल खात्याकडे आणि पहारा पोलिसांकडे असतो, त्यामुळे या घटनांचा ठपका कारागृह विभागाच्या शिपायावर येत नाही. पण त्यांतला धडा त्याच्याच कामाचा आहे. लोखंडी गज एका झटक्यात तुटत नाही. तो कापायला पाते आत यावे लागते, ते लपवावे लागते आणि कापत बसायला सवड मिळावी लागते. यातल्या प्रत्येक पायरीवर कुणाची तरी नजर पडायला हवी असते. अशा वेळी पहाऱ्यावर पैलवान उभा असून भागत नाही. काल पाहिलेला गज आज पुन्हा वाजवून पाहणारा माणूस लागतो. धड गज खणखणतो, कापलेल्याचा आवाज बद्द येतो. कुलपे, कड्या, खिडक्या, शौचालयाची जाळी हे सगळे रोज तपासायचे, आणि बहुतेक दिवस काहीच सापडत नाही. खरी परीक्षा त्या ‘काहीच नाही’च्या दिवसांची असते.

माणसाची झडती त्याहून नाजूक. नवा बंदी आला की वॉरंटवरचे नाव पडताळायचे, अंगावरच्या वस्तूंची यादी करायची, कपड्यांच्या शिवणी, कॉलर, चपलांचे तळवे चाचपायचे. कारागृहाचा कायदा आत येणाऱ्या प्रत्येक बंदीची झडती घ्यायला सांगतो आणि स्त्री बंदीची झडती स्त्री कर्मचाऱ्यानेच घ्यावी, हेही बजावतो. त्यामुळे मुलींनी हे पद पुरुषांचे समजून सोडून देऊ नये. त्यांच्याशिवाय हे काम होऊच शकत नाही. संध्याकाळी बराकी बंद होताना मोजणी होते. आकडा जुळला नाही तर जुळेपर्यंत कुणी हलत नाही, मग घरी लग्न असो की दिवाळी.

‘अशा नोकरीत माणूस निबर होतो,’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. 2017 मध्ये मुंबईत भायखळ्याच्या महिला कारागृहात एका बंदिनीचा मृत्यू झाला आणि त्या प्रकरणात कारागृहाच्या कर्मचाऱ्यांनाच अटक झाली. हाती आलेला अधिकार कुठे घसरू शकतो, ते यातून दिसते. म्हणूनच कायद्याची समज इथे धावण्याइतकीच महत्त्वाची. तुरुंगात गेला म्हणून माणसाचे मूलभूत हक्क दारात गळून पडत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने सुनील बत्रा खटल्यात 1978 मध्येच स्पष्ट केले. ऑक्टोबर 2024 मध्ये त्याच न्यायालयाने कारागृहात जात पाहून कामे वाटण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली. झडती कडक असावी, पण चारचौघांत पाणउतारा करणारी नको. यात निव्वळ भूतदया नाही, व्यवहारही आहे. ज्याला माणसासारखे वागवले तोच बराकीत काय शिजतेय ते कधीतरी कानावर घालतो.

दुसरा आक्षेप यंत्रांचा. स्कॅनर आणि कॅमेरे आल्यावर शिपायाची गरज काय? मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची अधिकृत क्षमता 804 असताना तिथे तीन हजारांहून जास्त बंदी राहिलेले आहेत. इतक्या दाटीत कॅमेऱ्याला चादरीखालचे दिसत नाही. कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात मोबाइल सापडल्याच्या बातम्या तर वारंवार येतात. एखादी वस्तू भिंतीवरून आली की दारातून, की आतल्याच कुणाच्या हातून, हे यंत्र सांगत नाही. आईवडिलांनी काळजी करायचीच तर या शेवटच्या शक्यतेची करावी. मारहाणीच्या भीतीपेक्षा आमिषाचा धोका मोठा. बंदीचा नातलग गावातलाच, ओळखीचाच निघतो. ‘एवढा डबा आत द्या’पासून सुरुवात होते. मनाई असलेली वस्तू आत पोचवणे हा गुन्हा आहे, आणि शिपायाच्या बाबतीत नोकरीही पणाला लागते. ज्या मुलाला ओळखीच्या माणसाला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याला या खात्यात घालू नका.

धाक आणि भिंत म्हणजेच सुरक्षा असे वाटत असेल, तर श्रीगोंदा तालुक्यातल्या विसापूरकडे पाहावे. स्वातंत्र्यलढ्यात तिथे सत्याग्रहींना डांबले होते. पुढे तिथेच खुले कारागृह चालले. खुल्या कारागृहात चांगल्या वर्तणुकीचे शिक्षाबंदी शेतीवर काम करतात. तिथेही मोजणी सुटत नाही; भर असतो तो कोण आज गप्प आहे, कुणाचे घरचे पत्र आले नाही, हे ओळखण्यावर. अशी नजर तयार व्हायला वर्षे जातात. शिपायाचा हवालदार आणि हवालदाराचा सुभेदार होईपर्यंत पाळ्या, क्वार्टर आणि जिल्ह्याबाहेरच्या बदल्या वाट्याला येतील, हे घरात आधीच बोलून घ्यावे. अर्ज भरण्याआधी निदान कारागृहाच्या कायद्याची कलमे आणि सर्वोच्च न्यायालयाचे वरचे दोन निकाल मराठीत मिळवून वाचावेत. वाचताना कंटाळा आला, तर नोकरीत येणाऱ्या कंटाळ्याचा अंदाज तिथेच येईल.