आरतीला उभं राहावं का?

शाहपुरा, भोपाळ

चि. भाच्यास,

देव नाही हे तू आता मनाशी पक्कं केलं आहेस. येत्या गणपतीत घरी आल्यावर ते आजीला सांगून टाकावं की मनातच ठेवावं, असं तू विचारतोस. मनात ठेव. घाबरून नव्हे, तो तुझा हक्कच आहे म्हणून. 2014 साली मुंबई उच्च न्यायालयाने घटनेच्या 25व्या कलमाचा आधार घेऊन दोन गोष्टी सांगितल्या: आपला कोणताही धर्म नाही असं नागरिक म्हणू शकतो, आणि सरकार कुणावर धर्म सांगण्याची सक्ती करू शकत नाही. जे सरकारला सांगायला तू बांधील नाहीस, ते आजीला सांगायला कसा बांधील असशील?

तू म्हणशील, हा दुटप्पीपणा झाला. आगरकर असे गप्प बसले नाहीत. खरंच बसले नाहीत. 1888 मध्ये त्यांनी ‘सुधारक’ हे वृत्तपत्र काढलं, आणि पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. पण त्याच आगरकरांच्या घरात यशोदाबाईंची देवपूजा चालू होती आणि ती सोडायला त्यांनी बायकोला भाग पाडलं नाही. यात विसंगती दिसते, पण त्यांची लेखणी तुटून पडली ती कशावर, ते बघ: बालविवाह, विधवांचं केशवपन. दुसऱ्याच्या आयुष्याची माती होत होती तिथे. घरातल्या निरांजनाने कुणाचं काही बिघडत नव्हतं. दाभोलकरांची अंधश्रद्धा निर्मूलन समितीही हेच सांगत आली की आमचा विरोध देवाधर्माला नाही, शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला आहे; आणि एवढ्या संयमानंतरही 20 ऑगस्ट 2013 रोजी दाभोलकरांचा खून झाला. तेव्हा उद्या घरात तापाने फणफणलेल्या पोराला नुसत्या अंगाऱ्यावर ठेवलं, किंवा मंगळ आहे म्हणून एखादीचं जमलेलं लग्न मोडू लागले, तर आजीसमोरही आवाज चढव. गंमत म्हणजे तिथेसुद्धा ‘देव नाही’ म्हणावं लागत नाही. ‘आधी डॉक्टरकडे नेऊ’ एवढं पुरतं.

शिवाय तू राहतोस त्या पुणे शहराचा हिशेब इथे लागू पडत नाही. शाहपुऱ्यात मराठी घरं विखुरलेली; शेजार हिंदी, शाळेत हिंदी नाहीतर इंग्रजी. इथल्या मुलांच्या तोंडी मराठी सलग पाच मिनिटं येतं ते ताम्हनात कापूर पेटल्यावर, आरतीतच. तिच्याकडे पाठ फिरवणं म्हणजे देवापेक्षा या माणसांकडेच पाठ फिरवणं. आरतीला उभा राहिलास, टाळ वाजवलेस, मोदक वळायला बसलास, तर तू खोटं बोललास असं होत नाही. खोटं कधी होईल? कुणी सरळ विचारलं, ‘तुझी श्रद्धा आहे ना?’ आणि तू हो म्हणालास तर. तिथे ‘नाही, पण मला इथे असायला आवडतं’ म्हण आणि विषय संपव. वाद घालत बसू नकोस, नव्या नास्तिकाला त्याची फार हौस असते. मात्र स्वतःच्या नावाने नवस बोलू देऊ नकोस आणि पूजेला यजमान म्हणून बसू नकोस. धाकट्याला बसव, त्याला आवडतं.

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. सगळेच असे गप्प राहिले तर न मानणारे कधी मोजलेच जाणार नाहीत. प्यू या अमेरिकी संस्थेने 2019-20 मध्ये आपल्याकडच्या सुमारे 30,000 प्रौढांना विचारलं, तेव्हा 97 टक्के देव मानणारे निघाले. त्यात तुझ्यासारखे आरतीतले गप्प किती, कोण सांगणार? यावर माझ्याकडे एवढाच तोडगा आहे. 2011 च्या जनगणनेत 28 लाखांहून जास्त लोकांचा धर्म नोंदलेला नाही. पुढची जनगणना 2027 ची. इथे घरी प्रगणक आला की उत्तरं आजी देणार, तिला देऊ दे. तुझी नोंद तुझ्या पुण्यातल्या वसतिगृहात होईल. तिथे धर्माच्या रकान्यात काय लिहायचं ते तू सांग.

तुझा
मामा