‘अलेज्ड’ : अर्थ आणि वापर

चौकशी अहवाल, कारणे दाखवा नोटिसा आणि न्यायालयीन कागदपत्रे यांत ‘अलेज्ड’ हा इंग्रजी शब्द वारंवार आढळतो. मराठीत त्यासाठी ‘कथित’ हा शब्द रूढ आहे. शब्द लहान असला, तरी त्याच्या योग्य वापरावर एखाद्या व्यक्तीची प्रतिष्ठा अवलंबून असते. म्हणून त्याचा नेमका अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे.

‘अलेज्ड’ म्हणजे कोणीतरी प्रतिपादन केलेले, परंतु पुराव्याने सिद्ध न झालेले. ती गोष्ट खरी आहे, असे हा शब्द सुचवीत नाही. खोटी आहे, असेही सुचवीत नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने शाबीत झालेले, खोटे ठरलेले आणि शाबीत न झालेले असा तिहेरी भेद केला होता. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. सिद्ध झाले नाही म्हणजे खोटे ठरले, असे नव्हे.

‘तथाकथित’ हा शब्द मात्र याहून भिन्न होय. त्यात अविश्वासाची, क्वचित उपहासाचीही छटा असते. ‘तथाकथित समाजसेवक’ असे म्हणताना लिहिणाऱ्याने आपले मत आधीच दिलेले असते. चौकशीच्या कागदपत्रांत तो टाळणे इष्ट.

‘कथित’ हे विशेषण जे वादग्रस्त असेल, त्यालाच लावावे. समजा, लेखापरीक्षणात ग्रामपंचायतीच्या निधीत तूट आढळली. तूट निर्विवाद असेल, तर ‘कथित तूट’ म्हणण्याचे कारण नाही. परंतु ती अपहारामुळे आली किंवा कसे, हे ठरावयाचे असल्यास ‘कथित अपहार’ असेच लिहावे. ‘कथित अपहार करणारे सरपंच’ ही रचनाही सदोष आहे. ‘ज्यांच्यावर अपहाराचा आरोप आहे, ते सरपंच’ ही निर्दोष. शाळेतही ‘कॉपी करणारा विद्यार्थी’ आणि ‘कॉपी केल्याचा आरोप असलेला विद्यार्थी’ यांतील अंतर शिक्षकांनी ओळखावे.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ नुसार गैरवर्तनाबद्दल सरपंचास पदावरून दूर करण्यापूर्वी चौकशी व म्हणणे मांडण्याची संधी आवश्यक आहे. कायदा जी संधी देतो, ती अहवालातील एखाद्या बेसावध शब्दाने हिरावली जाऊ नये.

आरोप सिद्ध झाल्यावर ‘कथित’ हा शब्द गाळावा. सिद्ध न झाल्यास तसे स्पष्टपणे नमूद करावे. आरोपाची नोंद जितक्या ठळकपणे झाली, तितक्याच ठळकपणे त्याच्या निकालाचीही व्हावी, हेच न्यायाला धरून आहे.