बाळाची कावीळ आणि कल्याणचे नाव लागलेले जनुक



आमच्या विहारात रविवारी सकाळी वंदनेनंतर तासभर आरोग्य वर्ग असतो. गेल्या पावसाळ्यात खडकी बाजारातल्या एक आजी वर्गाला आल्या. नातू झाला होता, पण त्यांचा चेहरा उतरलेला होता. बाळ दुसऱ्याच दिवशी पिवळे पडले. शेजारणीने सांगितले, "कावीळ उतरवून आणा." आजींच्या मुलाने मात्र ऐकले नाही. त्याने बाळाला दवाखान्यातच ठेवले. बाळ तीन दिवस निळ्या दिव्याखाली होते आणि बरे झाले. घरी सोडताना डॉक्टरांनी एक कागद दिला. त्यावर लिहिले होते, 'जी-६-पीडी कमतरता'. हा आजार आईकडून मुलाला येतो, एवढेच घरात कोणीतरी ऐकले आणि कुजबुज सुरू झाली, "सुनेच्या माहेरचेच रक्त खराब."

आजींनी आम्हाला विचारले, "खरंच तिचा दोष आहे का हो?" त्या दिवशी वर्गात जे बोललो, तेच इथे मांडत आहोत.

जी-६-पीडी म्हणजे काय?

आपल्या शरीरात अन्नाचे रूपांतर करणारी हजारो विकरे, म्हणजे एन्झाइम असतात. जी-६-पीडी हे त्यांतलेच एक. साखरेवर काम करताना ते एक संरक्षक द्रव्य तयार करून देते. काही औषधे, रसायने किंवा जंतुसंसर्ग यांमुळे रक्तात घातक घटक वाढतात. त्यांच्यापासून तांबड्या पेशींना हे द्रव्य वाचवते. इतर पेशींकडे त्यासाठी आणखीही मार्ग असतात. तांबडी पेशी मात्र जवळजवळ पूर्णपणे या एकाच मार्गावर अवलंबून असते.

हे विकर कमी असले तरी माणूस एरवी ठणठणीत असतो. शाळेत जातो, खेळतो, कारखान्यात पाळी करतो. चुकीचे औषध पोटात गेले की मात्र तांबड्या पेशी भराभर फुटू लागतात. डोळे पिवळे होतात, धाप लागते, लघवी काळ्या चहासारखी होते. नवजात बाळात पेशी फुटून निघणारे पिवळे द्रव्य फार वाढले, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

जगात सुमारे ४० कोटी लोकांत ही कमतरता आहे, असा अंदाज आहे. म्हणजे हा तसा दुर्मीळ आजार नाही. पण तपासणी होत नाही, म्हणून तो दिसत नाही.

कैद्यांपासून सुरू झालेला शोध

हिवतापावर प्रायमाक्विन नावाची गोळी देतात. ही गोळी घेतल्यावर काही जणांचे रक्त का फुटते, याचा शोध अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात लागला. तिथल्या कैद्यांवर हिवतापाच्या औषधांचे प्रयोग चालत. अशा काही कैद्यांच्या तांबड्या पेशींत जी-६-पीडी कमी आहे, हे १९५६ मध्ये सिद्ध झाले. या ज्ञानाने पुढे असंख्य जीव वाचले. पण बंदिवानाची संमती खरोखर मोकळी असते का, हा प्रश्न त्या प्रयोगांनी मागे ठेवला, आणि आपल्यासारख्या समाजाने तो विसरता कामा नये. आज संशोधनासाठी रक्त घेण्यापूर्वी कशासाठी घेतो हे आपल्या भाषेत सांगणे आणि लेखी संमती घेणे बंधनकारक आहे. 'नाही' म्हणण्याचा आपला हक्क आहे, आणि 'नाही' म्हटले म्हणून उपचार थांबवता येत नाहीत.

कल्याणचे नाव

१९८४ मध्ये मुंबईच्या संशोधकांनी एका कोळी कुटुंबात या विकराचा एक नवा प्रकार नोंदवला. त्याला नाव दिले 'जी-६-पीडी कल्याण'. दक्षिणेत सापडलेल्या दुसऱ्या एका प्रकाराला 'केरळ' असे नाव होते. प्रयोगशाळेत दोन्हींचे गुणधर्म तपासले तेव्हा ते वेगळे वाटले होते.

१९८६ मध्ये या विकराच्या जनुकाची रचना वाचता आली. त्यानंतर मुंबईचे संशोधक, आंध्रातील संशोधक आणि लंडनमध्ये लुचिओ लुझाट्टो यांचा गट यांनी मिळून दोन्ही नमुने पुन्हा तपासले. हे विकर म्हणजे ५१५ मण्यांची माळ आहे असे समजा. १९९२ मध्ये त्यांनी जाहीर केले की कल्याण आणि केरळ या दोन्ही प्रकारांत बदललेला मणी एकच आहे, तो म्हणजे ३१७ वा! नावे दोन होती, बदल एकच निघाला. तेव्हापासून त्याला 'केरळ-कल्याण' म्हणतात.

हे कोणा एकट्याचे काम नव्हते. रक्त देणारे कुटुंब होते, मुंबईची प्रयोगशाळा होती, आंध्रातील अभ्यासक होते आणि जनुक वाचण्याचे तंत्र असलेले लंडनचे लोक होते. यातला एक जरी नसता तरी कोडे सुटले नसते. १९९५ मध्ये अशाच सहकार्यातून आदिवासी समाजांत आढळणारा 'ओरिसा' प्रकार उलगडला. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी पुढे भारतातील अनेक समाजांची तपासणी केली. या कमतरतेमागे आपल्याकडे मुख्यतः तीनच बदल आहेत, असे त्यांना आढळले: भूमध्य, केरळ-कल्याण आणि ओरिसा.

मग दोष कोणाचा?

हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलाला एक्स आईकडून मिळतो आणि वाय वडिलांकडून. त्यामुळे मुलाला ही कमतरता वडिलांकडून येतच नाही. बदललेले जनुक असलेल्या आईच्या प्रत्येक मुलात ते येण्याची शक्यता निम्मी असते. ज्या पुरुषाला कमतरता आहे, त्याच्या सर्व मुलींकडे ते जाते, मुलांकडे जात नाही. मुलींकडे दोन एक्स असल्याने त्रास बहुधा कमी होतो, पण मुलींना होतच नाही असे नाही.

आम्ही आजींना सांगितले, "जनुक सूनबाईकडून आले हे खरे. पण तिने ते निवडलेले नाही. तिला ते तिच्या आईकडून किंवा वडिलांकडून मिळाले, त्यांना त्यांच्या आईवडिलांकडून. तुमच्या-आमच्या प्रत्येकात असे काही ना काही बदल लपलेले असतात."

आणि हे 'खराब रक्त'ही नाही. लुझाट्टो नायजेरियात काम करत असताना त्यांच्या गटाने १९६९ मध्ये दाखवले की हे विकर कमी असलेल्या पेशींत हिवतापाचे जंतू कमी शिरकाव करतात. जिथे हिवतापाने पिढ्यान्‌पिढ्या माणसे मारली, तिथे हा बदल असलेले लोक जास्त तगले. म्हणूनच तो इतका पसरला.

जातीबाहेर लग्न आणि विज्ञान

जी-६-पीडी एका एक्सवरून येते. पण दुर्मीळ चयापचय विकारांपैकी बहुतेकांत आई आणि वडील दोघांकडून तोच बदल यावा लागतो. लग्ने लहान गटातच होत राहिली की ही गाठ पडण्याची शक्यता वाढते. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेचे थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइक यांच्या गटांनी दक्षिण आशियातील २६० हून अधिक समूहांची जनुकीय माहिती तपासली. त्यांतले ८१ समूह थोड्याच पूर्वजांपासून वाढलेले आणि पुढे आपापल्यातच लग्ने करत राहिलेले आहेत, असे २०१७ मध्ये त्यांनी मांडले. जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे, हे बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील निबंधात सांगितले होते. त्यांचा मुद्दा सामाजिक होता. त्याच बंदिस्तपणाची खूण आता जनुकांतही वाचता येते.

घरी काय करावे?

१. जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बाळ पिवळे दिसले, किंवा पिवळेपणा पोट-पायांपर्यंत उतरला, बाळ दूध ओढेनासे झाले, सुस्त पडले, तर लगेच दवाखाना गाठा. कोवळ्या उन्हावर विसंबू नका.

२. कावीळ 'उतरवू' नका. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळे होते, ते हाताला आधी लावलेल्या झाडपाल्यामुळे. कावीळ रक्तात असते, ती हातावाटे निघत नाही.

३. बाळाची दुपटी, झबली डांबराच्या गोळ्या घातलेल्या पेटीत ठेवू नका. त्यांतले नॅफ्थलीन अशा बाळाच्या पेशी फोडू शकते. बाळाच्या हातापायाला मेंदीही लावू नका.

४. कमतरता असल्यास प्रायमाक्विन, डॅप्सोन आणि नायट्रोफ्युरँटॉइन डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका. हिवतापाच्या एका प्रकारात प्रायमाक्विन १४ दिवस देतात. गोळी सुरू असताना लघवी काळसर झाली तर ती थांबवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

५. तपासणी साध्या रक्तचाचणीने होते. पेशी नुकत्याच फुटल्या असतील किंवा रक्त चढवले असेल, तर अहवाल खोटा 'नॉर्मल' येऊ शकतो. अशा वेळी सुमारे तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करा.

६. अहवालाची प्रत जपून ठेवा. 'जी-६-पीडी कमतरता' एवढे चिठ्ठीवर लिहून ती पाकिटात ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरांना, औषधाच्या दुकानातही दाखवा. मामा, मावशीची मुले, भाऊ यांनीही चाचणी करून घ्यावी.

पुढच्या रविवारी आजी सूनबाईला घेऊनच वर्गाला आल्या. पेटीतल्या डांबराच्या गोळ्या त्यांनी काढून टाकल्या होत्या आणि दुपटी धुऊन उन्हात वाळवली होती. त्या गोळ्यांनीच बाळाला कावीळ झाली असे डॉक्टर म्हणाले नव्हते, पण धोका कशाला ठेवायचा? सूनबाईने आपल्या माहेरी फोन करून भावाला चाचणी करायला सांगितले होते. गेल्या वर्षी हिवतापाच्या गोळ्या घेताना त्याला लाल लघवी झाली होती, हे तिला तेव्हाच कळले.

आपल्याही घरात असे काही घडले असेल, तर लपवू नका. रविवारी वर्गाला या, अहवाल सोबत आणा.